यकृतरोपण आणि रक्तातील दाहखुणा



यकृतरोपणाचे यश केवळ शल्यवैद्याच्या हातात असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे, एवढेच आज आम्हांस निवेदन करावयाचे आहे.

मानवी यकृताचे पहिले रोपण डॉ. थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत १९६३ साली केले. तो रोगी वाचला नाही. १९६७ साली त्यांना यश लाभले. दात्याच्या देहातून काढलेले यकृत सुमारे ४ अंश सेल्सिअसच्या थंडीत, द्रावणात ठेवतात. थंडीने त्याची भूक मंदावते, परंतु थांबत नाही. प्राणवायूवाचून पेशींतील शक्तीचा साठा आटत जातो. पुढे नव्या देहाचे उष्ण रक्त आत शिरताच दुसरा आघात होतो. यकृतातील रक्षक पेशी खवळतात व इंटरल्युकिन-६ सारखी दाहद्रव्ये सोडतात. दुखावलेल्या पेशींतून एएसटी व एएलटी ही विकरे रक्तात उतरतात.

या खुणा वाचण्यास विवेक लागतो. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन हे दाहदर्शक द्रव्य यकृतातच तयार होते. म्हणून रोपणानंतर ते न वाढणे नेहमीच शुभचिन्ह नसते. दुर्बळ यकृतास ते निर्माण करण्याचे सामर्थ्यच नसू शकते.

१९८० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातील बेल्झर व साउदर्ड यांच्या द्रावणाने संरक्षणाचा अवधी वाढला. अलीकडे यंत्राच्या साह्याने यकृतातून देहाइतके उष्ण रक्त खेळते ठेवतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत अशा यकृतांची इजा, विकरांच्या मापाने, निम्मीच आढळली.

परंतु दाहाचा आरंभ शीतपेटीत होत नाही. मेंदू मृत झाल्यावर दात्याच्या देहातच तो वाढू लागतो. आपल्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. ती काटेकोरच व्हावयास हवी. त्यानंतर आप्तांची संमती विचारली जाते. त्या शोकाच्या घडीस कोणासही घाई करणे अनुचित होय. तेव्हा मार्ग एकच उरतो: आपली इच्छा आप्तांस आधीच सांगून ठेवावी.

दिलेले यकृत कोणास लाभावे हे रक्तगट व रोग्याची निकड ठरविते, ज्ञाती नव्हे. येत्या दिवाळीस कुटुंब एकत्र जमेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी हा विषय स्वतःहून काढावा, अशी आमची नम्र विनंती आहे.