गप्पीची जोडी फुकट, विजेचं बिल कुणाचं?

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

सोनपेठहून बोलतोय. मागच्या भागात फायटरच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात काय खाऊ घालायचं ते बोललो होतो. आज विषय पैशाचा आहे. प्रश्न बऱ्याच जणांचा होता, शब्द वेगवेगळे. हौशी माणसानं क्लबला मासे द्यायचे ते फुकट द्यायचे का? आणि पैसे मागितले तर तो हौशी राहत नाही का?

सुरुवात गप्पीपासून करू, कारण मासा फुकट मिळतो ही समजूत आपल्याकडं गप्पीनंच पाडलीय. डेंग्यू-हिवतापाचा हंगाम आला की आरोग्य खात्याची माणसं गप्पी घेऊन येतात, हौदात सोडतात. सरकारी पैदास टाक्या असतात, तिथं मागितले की मिळतात. पैसे नाहीत. बरोबरच आहे ते. तो मासा डासांच्या अळ्या खायला आणलेला, त्याची शेपटी कशी आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. (जाता जाता सांगतो, हौदात सोडा, गोदावरीत सोडू नका. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा आहे, आपल्या नदीचा नाही.) पण तो फुकट म्हणजे तुम्हाआम्हाला फुकट. टाकी, खाद्य, माणसाचा पगार, हे सगळं सरकारच्या तिजोरीतून गेलेलंच असतं.

आता तोच गप्पी, पण शोभेचा. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस, मोठी मादी त्याहून जास्त. म्हणून लोक म्हणतात, "तुमचं काय, आपोआप होतात." पिल्लं आपोआप होतात हो, लाइन आपोआप टिकत नाही. नर-मादी ओळखू येताच वेगळे करावे लागतात, साधारण महिनाभराच्या आतबाहेर. उशीर झाला तर संपलं, कारण मादी एकदा लागली की नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते आणि पुढची पिल्लं नक्की कुणाची ते तुम्हाला कळत नाही. म्हणजे एका लाइनला कमीत कमी तीन टाक्या: एक जुन्या जोड्यांची, एक तरुण नरांची, एक माद्यांची.

तीन टाक्यांचे तीन एअर पंप, एकेक ५ वॅटचा धरा. रात्रंदिवस चालले तर तीन महिन्यांत ३२ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर अडीचशेच्या वर गेले, आणि अजून आपण खाद्याचं नाव काढलेलं नाही. पिल्लांना आर्टेमिया उबवायचा तर रोज मिठाचं पाणी, रोज चोवीस तास. फायटरचं तर विचारूच नका. नर मोठे व्हायला लागले की एकमेकांचे पंख फाडतात. साठ नर म्हणजे साठ बाटल्या, आणि साठ बाटल्यांचं पाणी बदलणारे हात दोनच.

त्यात आपला मराठवाडा. बोअरचं पाणी जड, ते गप्पी-मोलीला मानवतं, ती तक्रार नाही. पण मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, पाणी तापतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्या शेजारी, आणि आम्ही अंधारात टाकीला ओलं पोतं गुंडाळत बसलेलो. हसू नका, पोतं चांगलं काम करतं.

हे एवढं सांगितलं कारण फुकट मागणाऱ्याला हे दिसत नसतं. त्याला दिसते पिशवीतली जोडी.

पण फुकट देण्याचीही एक बाजू आहे, ती खोटी नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, एप्रिलमध्ये. अशा दिवसांत टँकरच्या पाण्यानं माशांच्या टाक्या बदलायला जीव धजत नाही, शेजारी घागर घेऊन उभे असतात. टाक्या आटोपत्या घ्याव्या लागतात. तेव्हा लाइन वाचते ती आधी चार घरांत वाटून ठेवलेल्या जोड्यांमुळं. कुणाच्या माठात दोन, कुणाच्या हौदात चार. पाऊस पडला की त्यांच्याकडून परत आणायच्या. आज दिलेली जोडी हा उद्याचा विमा असतो. हौशी माणसाची दानत मी कमी लेखत नाही, माझ्या टाक्या तिच्यावरच चालल्यात.

अडचण दुसरीकडं आहे. आमचा सोनपेठ, परळी, गंगाखेड, परभणी असा मिळून एक ग्रुप आहे. वर्षातून एकदा प्रदर्शन, त्यात लिलाव. मासे सभासदांनी द्यायचे, पैसे क्लबला. त्यातून हॉलचं भाडं, पॅकिंगचा ऑक्सिजन, शाळेत एखादी टाकी. सगळं छान. एक वर्ष एका तरुण पोरानं विचारलं, मी वीस फायटर आणलेत, किमान बाटल्यांचे आणि एसटीचे पैसे मिळतील का? त्याचं घर थोडंफार याच्यावर चालतं, दुकानाला देतो तो. एक ज्येष्ठ सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, "तू काय धंदा करायला आलास काय?" पोरगं काही बोललं नाही. पुढच्या वर्षी आलं नाही.

मी तेव्हाही बैठकीत म्हणालो, आजही म्हणतो: ज्याला पेन्शन आहे त्यानं फुकट द्यावं, कौतुकच आहे. पण त्याच्या फुकटावर दुसऱ्याची लाज काढू नये. आणि धंदा म्हटलं तर त्यात वाईट काय? २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घराच्या परसात शोभिवंत मासे वाढवायचं युनिट होतं, खर्च ३ लाख धरलेला, त्यावर ४० टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सरकार ज्याला रोजगार म्हणतं त्याला आपण लोभ कशाला म्हणायचं?

शिवाय लिलावातले फुकटचे मासे बाजारभाव पाडतात. चेन्नईच्या कोलातूरहून येणारा स्वस्त माल आहेच, त्याच्याशी इथला पोरगा झुंजतोय. त्यात आपणच त्याच्या गिऱ्हाइकाला दहा रुपयांत जोडी दिली तर तो कुठं जाणार?

आपल्या बापजाद्यांना हा हिशेब बरोबर कळत होता. इर्जिक वेगळी: दिवसभर दहा जणांनी औतं घेऊन यायचं, मजुरी नाही, पण ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. उपाशी इर्जिक कुणी ऐकलीय का? सावड वेगळी: आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं, दिवसाला दिवस. आणि अर्धलीनं शेळी दिली तर करडं निम्मी-निम्मी. तीन वेगळे व्यवहार, तीन वेगळे शब्द. भांडण होतं ते सावडीला इर्जिक समजलं की.

अमेरिकेतल्या क्लबांतही असंच वेगवेगळं ठेवतात. तिकडं पैदास करणाऱ्यांसाठी गुणांची योजना असते. एखादी जात वाढवली आणि त्यातली ठरलेली पिल्लं, पाच-सहा, क्लबला दिली की गुण मिळतात. ती पिल्लं देणगीच. पण सभासदानं लिलावात आणलेल्या बाकी पिशव्यांचे पैसे वाटून घेतात, कुठं निम्मे, कुठं सत्तर-तीस. कुणी सगळं क्लबला दिलं तर तसं पिशवीवर लिहितात. बस्स, एवढंच.

आमच्याकडं डोळे उघडले ते वेगळ्याच कारणानं. त्या पोराची एक निळी लाइन होती फायटरची. ग्रुपमध्ये सगळ्यांना फुकट मिळाली होती. दोन वर्षांनी शाळेच्या टाकीसाठी एक जोडी हवी होती, तर पंधरा घरांत एकाकडंही शुद्ध निघाली नाही. कुणी लाल मादीला लावली, कुणी पाणीच बदललं नाही. पैसे मोजून घेतली असती तर सांभाळली असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, विकत घेतलेले मासेही मरतात. पण ती लाइन आता फक्त त्याच्याकडं होती, आणि त्याच्या दारात जायला कुणाचं तोंड नव्हतं.

शेवटी मी आणि परळीचे एक काका गेलो. चहा झाला. त्यानं जोडीचे दीडशे रुपये सांगितले, आम्ही दिले. मग आत जाऊन त्यानं आणखी एक मादी आणून दिली आणि तिचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

यंदाच्या लिलावाला प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी राहील: "देणगी", "निम्मे" किंवा "पैसे देणाऱ्याला, दहा टक्के क्लबला". चिठ्ठी देणाऱ्यानं स्वतः लिहायची, कुणी विचारायचं नाही. येणाऱ्याचं एसटीभाडं आणि पिशव्या-ऑक्सिजनचा खर्च आधी काढायचा, मग वाटणी. जेवण क्लबकडून. ज्येष्ठ सभासदांचा "निम्मे"ला अजून विरोध आहे, त्यांचं म्हणणं यानं हिशेबाची वही वाढेल. वाढेल खरी. ती वही कोण लिहिणार हे अजून ठरलेलं नाही, कुणी तयार असेल तर कळवा.