मीठ कुठल्या डब्यात?

परक्या घरी स्वयंपाकाला उभं राहायची वेळ आली, की पहिला प्रश्न पडतो, मीठ कुठल्या डब्यात? हात सवयीनं आपल्या घरच्या फळीकडे जातो आणि तिथे भलतंच निघतं. लिनक्सवरच्या स्क्रिप्टचं, म्हणजे संगणकाला ओळीनं लिहून दिलेल्या कामांच्या यादीचं, असंच होतं.

लिनक्समधली बहुतेक प्रत्येक आज्ञा म्हणजे कुठल्या तरी फोल्डरमध्ये ठेवलेली एक फाईल असते. 'बॅश' हा आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम लिनक्सवर सहसा 'बिन' या फोल्डरमध्ये सापडतो, तर फ्रीबीएसडी या भावंडाच्या घरी तो 'लोकल'मधल्या 'बिन'मध्ये असतो. म्हणून आज्ञेचं नुसतं नाव दिलं, की 'पाथ' नावाच्या यादीतली फोल्डरं एकेक करून धुंडाळली जातात.

पण ही यादीही सगळीकडे सारखी नसते. एकदा मी माहितीची प्रत काढणारी स्क्रिप्ट लिहिली. हातानं चालवली, उत्तम चालली. मग ती रात्री आपोआप चालावी म्हणून 'क्रॉन'कडे सोपवली. तीन आठवड्यांनी प्रतीची गरज पडली, तेव्हा रोजची फाईल जागेवर होती, पण आत काहीच नव्हतं! क्रॉनची यादी माझ्या यादीहून आखूड होती, त्यामुळे त्याला आज्ञाच सापडली नव्हती. रिकामी फाईल मात्र आधीच तयार झाली होती.

दुसरी गफलत वाचणाऱ्याची. २००६ साली उबुंटूच्या ६.१० या आवृत्तीत 'एसएच' या नावामागे बॅशऐवजी 'डॅश' आला. 'एसएच'साठी म्हणून लिहिलेल्या, पण बॅशच्या खास सवलती वापरणाऱ्या कित्येक स्क्रिप्ट अडखळल्या. पॉसिक्स या सामायिक मानकात राहिलेल्या सुखरूप चालल्या.

तेव्हा पथ्यं तीन. 'पाथ' स्क्रिप्टमध्ये स्वतः लिहा. लागणारी आज्ञा हजर आहे का, हे 'कमांड -व्ही'नं आधी विचारा. नसेल तर तिथेच थांबून तसं स्पष्ट कळवा. आणि वर 'एसएच' लिहिलंत, तर पॉसिक्सचीच भाषा बोला.

परक्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता चिमूट टाकली, तर ते मीठ होतं की साखर, हे पानावर बसल्यावरच कळतं.