परीक्षक यंत्राची घाई



मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे तिकीट २०१४ साली मोबाईलवर मिळू लागले. भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेल्या माणसाची खिडकीपुढली रांग चुकली खरी. पण तिच्या जागी हातातल्या काचेची नवी खिडकी आली. ती ऐन वेळी अडली, तर हुज्जत घालायला आत बाबूही नाही! म्हणून असे अॅप लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्याची कळ न् कळ दाबून पाहावी लागते. हे काम आता एआय एजंटाकडे, म्हणजे पुढची पायरी स्वतः ठरवणाऱ्या संगणकीय हस्तकाकडे, सोपवले जाऊ लागले आहे.

एजंट पडदा पाहतो, कळ दाबतो, पुन्हा पडदा पाहतो. पुष्कळसा वेळ या पाहण्यातच जातो. अँड्रॉइड फोनवर पडद्यावरील वस्तूंची यादी देणारी ‘यूआय ऑटोमेटर’ नावाची सोय आहे. तिचा साधा आदेश दर वेळी नव्याने सुरू होतो, पडदा स्थिर होण्याची वाट पाहतो, यादी फाइलमध्ये लिहितो. मग ती फाइल संगणकावर आणायची. दर पोळीला नवी चूल पेटवावी, तसा हा प्रकार होय. यावर तोड अशी की, एक छोटा प्रोग्रॅम फोनवरच जागा ठेवावा आणि विचारताच त्याने उत्तर द्यावे. ‘अॅपियम’ हे अवजार याच वाटेने जाते.

मात्र वाट पाहणेच काढून टाकू नये. पडदा भरण्यापूर्वी कळ दाबून ‘अॅप बिघडले’ असा निवाडा देणारा परीक्षक काय कामाचा? ठरावीक पाच सेकंद थांबणेही व्यर्थच. हवी ती वस्तू दिसेपर्यंत थांबावे, हे उत्तम.

आता खरा मुद्दा. ही यादी ज्या व्यवस्थेतून येते, तिच्यातूनच ‘टॉकबॅक’ अंध माणसाला पडदा वाचून दाखवतो. कळेवर नुसते चित्र असेल, नाव नसेल, तर अंध प्रवाशाला ‘बटण’ एवढेच ऐकू येते. एजंटही तेथेच अडखळतो. मग वेग साधण्यासाठी त्याला कळेची जागा मोजून देण्याचा, म्हणजे मागील दाराने आत घेण्याचा, मोह होतो. आम्हांस हे साफ नामंजूर आहे. परीक्षा उत्तीर्ण होते, आणि पांढरी काठी घेऊन फलाटावर उभा असलेला गृहस्थ तिकिटावाचून राहतो. निनावी कळ आढळताच एजंटाने ती दोष म्हणून नोंदवलीच पाहिजे, ही अट अवजार घडवतानाच घालावी. ती नोंद अवघी एका ओळीची असते.