‘विथस्टँड’मधला ‘विथ’

‘विथ’ म्हणजे सोबत, असे आपण इंग्रजीच्या पहिल्या धड्यांतच मुलांना सांगतो. पुढे ‘विथस्टँड’ हे क्रियापद भेटते. ‘स्टँड’ म्हणजे उभे राहणे. मग याचा अर्थ ‘सोबत उभे राहणे’ व्हायला हवा. पण अर्थ आहे तोंड देणे, विरोधात टिकून राहणे. इथे मुले अडखळतात, आणि त्यांची शंका अगदी रास्त असते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध, समोर’ असाच होता. सोबतीसाठी ‘मिड’ हा निराळा शब्द होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद ‘मिट’ आजही रोजच्या बोलण्यात आहे. पुढच्या काही शतकांत ‘विथ’ने ‘मिड’ची जागा घेतली. तो जुना ‘मिड’ ‘मिडवाइफ’ या शब्दात मात्र टिकला. ‘वाइफ’ म्हणजे तेव्हा कोणतीही स्त्री. बाळंतिणीसोबत असणारी ती मिडवाइफ, आपली सुईण.

विरोध सांगणारा शब्द सोबत कसा सांगू लागला? आपला ‘शी’ प्रत्यय पाहा. आपण मित्राशी बोलतो आणि शत्रूशीही लढतो. समोरासमोर येणे दोन्हीकडे आहेच. लढणारे दोघे एकमेकांविरुद्ध असतात, आणि एकमेकांसोबतही. अशा वापरातूनच अर्थाला सरकायला वाट मिळते.

‘विथ’चे मूळ आणखी मागे ‘वेगळे, दूर’ या अर्थापर्यंत जाते. वियोग, विभक्त या शब्दांतला आपला ‘वि’ त्याच कुळातला. ‘स्टँड’ आणि संस्कृत ‘स्था’ हेही सगोत्र. ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे घेणे आणि ‘विथहोल्ड’ म्हणजे रोखून धरणे, यांत हा दूरपणा आजही जाणवतो.

आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात ‘नॉटविथस्टँडिंग’ हा शब्द अनेकदा येतो. इतर तरतुदी काहीही असोत, त्या या कलमाला आडव्या येणार नाहीत, असा त्याचा भाव. ‘विथ’चा जुना अर्थ माहीत असला की हा लांबलचक शब्द आपोआप उलगडतो.

सुटा शब्द माणसांच्या रोजच्या वापरात बदलत जातो. क्रियापदाला जोडलेला उपसर्ग जुना अर्थ पुष्कळदा सांभाळून ठेवतो. म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलाने ‘असे का?’ विचारले, तर ‘पाठ कर’ म्हणू नका. त्याच्यासोबत कोश उघडा आणि शब्दाची व्युत्पत्ती वाचा.