देवाला मीच का सापडले?



मला भाषण येत नाही. मनातले तेवढे सांगते. यजमान गेले, त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि कपाशी उभी वाळली. मी देवाला म्हटले, "साऱ्या वडनेरात तुला माझेच घर सापडले?" आणि सांजदिवा लावणे सोडले. लोक म्हणत, "मागच्या जन्मीचे भोग!" त्याने जीव अधिकच पोळे.

एक दिवस शेजारच्या आजी आल्या. उपदेश नाही की काही नाही. चूल पेटवली, भाकरी थापल्या आणि म्हणाल्या, "भांड ना बाई देवासंगं! तुकोबा भांडले, जनाबाई भांडली. परक्यासंगं कोनी भांडते काय?"

१६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बसले. तो दुष्काळ एकट्या त्यांच्या घरावर आला नव्हता. सारा दख्खन होरपळत होता. पण दुःखात माणसाला आपलेच घर दिसते. पुढे तुकोबांना इतरांची घरे दिसली, आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे सांगतात.

"मीच का?" याचे उत्तर मला आजही मिळालेले नाही. दिवा मात्र पुन्हा लावते, आणि भांडतेही. भगिनींनो, कुणाच्या घरी दुःख आले तर तिला कारण सांगायला जाऊ नका. पदराखाली दोन भाकरी झाकून न्या, आणि तिला देवाशी पोटभर भांडू द्या.