अवर्षणात पिकांची मुळे काय करतात



‘मुळांची कामे कोणती?’ असे विचारले असता प्राथमिक वर्गातील मुले एका सुरात सांगतात की, मुळे झाडाला जमिनीत घट्ट धरून ठेवतात आणि पाणी व क्षार शोषून घेतात. उत्तर बरोबर आहे व त्यास गुणही पूर्ण मिळतात. परंतु परतीचा पाऊस चुकला की ज्या गावातील कणग्या रिकाम्या राहतात, त्या गावच्या मुलास एवढ्या उत्तराने काय कळले? बांधाच्या अलीकडील ज्वारी हिरवी उभी असते, पलीकडील माना टाकते. पाऊस मात्र दोन्ही शेतांवर सारखाच पडलेला असतो. या फरकाचे मोठे कारण जमिनीच्या पोटात असते. ते सहज दिसत नाही, म्हणूनच ते शाळेत दाखविले पाहिजे.

प्रथम एका रूढ वाक्याचा विचार करू. ‘पाणी आटले की मुळे पाण्याच्या शोधात खोल जातात’ असे फळ्यावर नेहमी लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. चार हात खाली ओल आहे, हे मुळास वरून समजत नाही. मुळाच्या टोपीतील पेशींत पिष्टाचे बारीक कण असतात. ते पेशीच्या तळाशी बसतात व त्यावरून मुळास खालची दिशा उमगते. जवळच्या ओलसर बाजूकडे वळण्याचा गुणही मुळाच्या टोकात आहे; जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ साक्स याने १८७२ मध्ये व डार्विनने १८८० च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. तथापि हे वळणे हाताशी असलेल्या ओलीपुरतेच. पुरत्या सुकलेल्या मातीत मुळाची वाढ थांबते, आणि मध्ये कोरडा थर लागला तर तो ओलांडून खालची ओल गाठणे त्यास बहुधा साधत नाही. म्हणजेच खोल मूळ हे दुष्काळ पडल्यावर तयार होत नसून, जमीन ओली असतानाच्या दिवसांत तयार होते. ओल खाली सरकते आणि मूळ तिच्या पाठोपाठ उतरते. एकदा ती गाठ सुटली की पीक वरच्या वाळलेल्या थरात अडकून पडते.

सोलापूर व मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारी हे याचे उत्तम उदाहरण होय. मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडण्यात आला. ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढे तिला पाऊस मिळेलच असे नाही. जमिनीत साठलेल्या ओलीवर तिला कणसापर्यंत मजल मारावयाची असते. दाण्यातून प्रथम एकच मूळ निघते व सरळ खाली जाते. दोन-तीन आठवड्यांनंतर बुडख्याच्या पेऱ्यांवर दुसरी जाड मुळे फुटू लागतात. पुढच्या साऱ्या पिकाचा भार यांच्यावर असतो. परंतु ती जमिनीच्या पृष्ठभागालगत फुटतात, आणि नेमका तोच थर सर्वांत आधी वाळतो! थर कोरडा असला की ही मुळे बोटाच्या पेराएवढी होऊन खुंटतात. अशा वेळी सबंध ताट त्या एका पहिल्या मुळावर जगते, आणि वारा आला की डुलू लागते. अनुभवी शेतकरी वेळेवर कोळपणी करून बुडाशी माती लावतो. तो तण काढतो, हे तर खरेच. पण पेऱ्यांवरील मुळांना तो ओलसर मातीचा आधारही देत असतो.

काळ्या जमिनीत दुसरे संकट भेगांचे. जमीन भेगाळली की आडव्या गेलेल्या मुळांचे धागे ताणून तुटतात व भेगेच्या कडा आतून वाळतात. कोळप्याने भेग बुजते, वर मोकळ्या मातीचे आच्छादन होते व खालची ओल उडून जाण्यास अडथळा येतो. कोळपणीस अर्धे पाणी मानण्याची जुनी रीत आहे, तिचे मर्म यात आहे. मुळाचे टोक भेगेतील हवेतून जात असता तेवढ्या भागात फांद्या फोडण्याचे काम तात्पुरते थांबते, आणि टोक पुन्हा ओल्या मातीस लागले की ते काम सुरू होते, असे अलीकडील संशोधनात आढळले आहे. कोरड्या बाजूस फांदी टाकून साखर वाया घालविण्याची चैन झाडास परवडत नाही.

साखरेचा हा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ओल कमी होऊ लागली की प्रथम पानांची वाढ मंदावते. मुळांची वाढ त्यानंतरही काही काळ चालू राहते. मुळाच्या टोकातील पेशी साखर व क्षार साठवून आपला रस दाट करतात आणि त्या जोरावर सुकत चाललेल्या मातीतूनही पाणी ओढतात. याच काळात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य झाडात वाढते व पानांवरील रंध्रे मिटू लागतात. दुपारी ज्वारीची पाने गुंडाळलेली दिसतात व सकाळी पुन्हा उलगडलेली असतात. पीक गेले असे समजून मुले घाबरतात. वास्तविक ते काटकसर करीत असते. सकाळीही पाने उलगडली नाहीत, तर मात्र चिंतेचे कारण आहे.

मुळाचा पसारा केवढा असतो याची कल्पना उपटलेल्या रोपावरून येत नाही, कारण बारीक मुळे मातीतच राहतात. १९३७ साली अमेरिकेत डिटमर या वनस्पतिशास्त्रज्ञाने गव्हासारख्या राय या धान्याचे एकच रोप पेटीत चार महिने वाढविले आणि मुळे धुऊन मोजली. सर्व मुळांची मिळून लांबी सुमारे ६२० किलोमीटर भरली. (फळ्यावरील चित्रात मूळ नेहमी खोडापेक्षा आखूड का असते, हे एक कोडेच आहे. बहुधा फळा खाली संपतो म्हणून असेल.)

मूळ किती खोल जाईल हे त्याच्या कलण्यावरही अवलंबून असते. जपानमधील युसाकू उगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये भातातील एका जनुकाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. फिलिपाइन्समधील किनांदांग पातोंग या डोंगराळ भातात हे जनुक आहे. ते आयआर ६४ या उथळ मुळांच्या वाणात आणले असता मुळे आडवी न पसरता तिरपी खाली गेली, आणि पाण्याचा ताण पडला तेव्हा मूळ वाणापेक्षा उत्पन्न पुष्कळ चांगले राहिले.

एवढ्यावरून ‘जितके खोल तितके उत्तम’ असा नियम मुलांना देऊ नये. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेत हरभऱ्याचा बराच अभ्यास झाला. मोठ्या व जोमदार मुळांचे वाण तेथे नावाजले गेले. परंतु पुढील प्रयोगांत असेही दिसले की, सुरुवातीस पाणी जपून वापरणारे वाण दाणे भरतेवेळी अधिक तग धरतात. हावऱ्या मुळाने साठा लवकर संपविला तर घाट्यांसाठी काय उरणार? शिवाय हातभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या हलक्या जमिनीत खोल मुळाचा गुण असूनही उपयोग नाही.

रब्बी ज्वारीत दाणे भरण्याच्या वेळीच ओल संपली, तर ताट आपल्या खोडातील साखर कणसाकडे पाठविते. दुबळ्या झालेल्या मुळांतून व बुडख्यातून बुरशी शिरते, खोड आतून पोकळ होते व उभे पीक लोळते. यालाच खडखड्या म्हणतात. धान्य हलके भरते आणि कडबाही हलक्या प्रतीचा होतो. ज्या घरी दोन बैल व एक म्हैस आहे, त्या घरास हे नुकसान किती जाणवते ते शिक्षकास सांगावयास नको.

हा पाठ शिकविण्यास फारसे साहित्य लागत नाही. एका बाजूस काच बसविलेले दोन जुने डबे घ्यावेत. काचेची बाजू खालच्या अंगास येईल असे ते थोडे कलते ठेवावेत, म्हणजे सरळ खाली जाणारी मुळे काचेस लागून वाढतील. काचेवर काळा कागद लावावा, कारण उजेडात मुळे काचेपासून दूर सरतात. दोन्ही डब्यांत एकाच शेतातील माती भरून ज्वारी पेरावी. पहिल्या डब्यास पेरणीपूर्वी तळापर्यंत भिजेल इतके पाणी द्यावे व मग थांबावे. दुसऱ्याची माती फक्त वरून भिजवावी व पुढे रोज थोडे शिंपावे. तिसऱ्या आठवड्यात कागद काढून मुळांच्या रेषा काचेवर खडूने काढून घ्याव्यात. रोज शिंपलेल्या डब्यातील मुळे वरच्या थरातच घुटमळलेली दिसतील. पुढे दोन्ही डब्यांचे पाणी तोडावे व कोणत्या डब्यातील पाने आधी गुंडाळतात, त्याची तारीख मुलांकडून नोंदवून घ्यावी.

शेतातील पाहणी काढणीनंतर करावी. ज्याच्या शेतात जावयाचे त्याची परवानगी आधी घ्यावी. धसकटापासून वीतभर अंतरावर कमरेइतका चर खणावा, त्याची धसकटाकडील भिंत सपाट तासावी आणि घागरीतील पाणी बारीक धारेने सोडून माती हळूहळू धुवावी. मुळे मोकळी होऊ लागली की वीतवीत अंतरावर गाठी मारलेली दोरी वरून खाली सोडावी व प्रत्येक गाठीजवळ किती मुळे दिसतात ती मोजावीत. पेऱ्यांवरील खुंटलेली मुळे निराळी मोजावीत. कोळपलेल्या व न कोळपलेल्या शेतातील प्रत्येकी दोन धसकटे तपासली तर तुलना करता येते. काळी माती वाळल्यावर दगडासारखी होते, यास्तव आदल्या सायंकाळी जागा भिजवून ठेवावी आणि खणण्याचे काम गावातील मोठ्या माणसांकडून करवावे. काम संपल्यावर चर त्याच दिवशी बुजवावा. उघड्या चरात जनावराचा पाय अडकतो.