उंबरठ्यावरचं बिऱ्हाड
(आष्टी, जि. वर्धा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसू नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलं. ना दिवस ना रात्र, ना घर ना अंगण. अशाच वेळी, अशाच जागी नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारलं. म्हणजे ही मधली जागा देवालाही क्षणभरच लागली. नवी नवरी माप ओलांडते, तेही एका पावलाचं काम. उंबरठा ओलांडायचा असतो, तिथे बिऱ्हाड करायचं नसतं, हे आपल्या रीतीभातींना चांगलं ठाऊक आहे. मग टाकलेल्या बाईलाच तिथे वर्षानुवर्षं का बसवून ठेवतात?

मघाशी जेवताना एक बाई म्हणाल्या, "नवरा हाये बी अन् नाई बी." नऊ वर्षं झाली. गळ्यात मंगळसूत्र आहे, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणं नाही. रेशनकार्डावर नाव सासरी, पोट माहेरी. भाऊ-भावजयीकडे पाहुणी म्हणावं, तर पहाटेपासून निंदणाला. (पाहुणीला कुणी निंदायला पाठवतं का?) अर्जात 'विवाहित' लिहिलं की नवऱ्याची सही आणा, 'घटस्फोटित' लिहिलं की कोर्टाचा कागद आणा.

'परित्यक्ता' या शब्दात टाकली गेलेली दिसते. टाकणाऱ्यासाठी शब्दच नाही! तो दुसरी आणून उजळ माथ्याने फिरतो. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली, तेव्हा कुठे हा प्रश्न घराबाहेर आला. जनगणनेने 'विभक्त' बायकांना घटस्फोटितांपासून वेगळं मोजलं ते थेट २०११ मध्ये. देशात घटस्फोटित बायका सुमारे ९ लाख, आणि विभक्त २३ लाखांवर.

एक गोष्ट नीट ऐका. पोटगीसाठी आधी घटस्फोट घ्यावा लागत नाही. पूर्वीचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. महिना ५०० रुपयांची जुनी मर्यादा २००१ मध्येच गेली. हिंदू विवाह कायद्याखाली दोन वर्षं टाकून दिलं असेल, तर घटस्फोटही मागता येतो.

हे सगळं मी त्या बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कोर्टात गेली तं तो मले परत नेनार नाई." नऊ वर्षांनंतर! मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. उद्या सकाळी आम्ही दोघी त्यांच्या भावजयीशी बोलायला जाणार आहोत. इथल्या आणखी कुणी येणार असाल, तर मेळावा संपल्यावर थांबा.